सिलिकॉनच्या नळीवर लायसोझाइम बसवायचं कसं, आणि ते खरंच बसलंय हे ओळखायचं कसं

प्रोजेक्टचा सीझन आला की फार्मसी, बायोटेक, मटेरियल्सवाली पोरं एकच मागणी घेऊन येतात, आम्हाला कॅथेटरवर नायतर टायटॅनियमच्या स्क्रूवर काहीतरी बायोअॅक्टिव्ह लावायचंय, प्रोटोकॉल द्या. प्रोटोकॉल नेटवर ढिगाने पडलेत. आणि खरं सांगायचं तर लावणं कठीण नाहीच, प्रोटीन हा इतका चिकट प्रकार आहे की तुम्ही नको म्हटलं तरी प्लास्टिकला जाऊन बसतो. कठीण आहे ते पुढचं, म्हणजे जे बसलंय ते केमिकल बॉन्डने बसलंय की नुसतं टेकलंय, आणि बसल्यावर त्याचं काम चालू आहे की ते मरून पडलंय, हे परीक्षकासमोर ठामपणे सांगता येणं. म्हणून या लेखात लावायच्या स्टेप्स आहेतच, पण जास्त जागा तपासणीला दिलीय.

उदाहरण म्हणून घेतलंय सिलिकॉन आणि कोंबडीच्या अंड्यातलं लायसोझाइम नावाचं एन्झाइम. सिलिकॉन का, तर लघवीच्या चांगल्या फोली कॅथेटरला (मूत्राशयात ठेवायची नळी) तेच लागतं, आणि नळीवर बॅक्टेरियाचा थर जमणं ही हॉस्पिटलमधली रोजची डोकेदुखी. लायसोझाइम का, तर स्वस्त, छोटं, दणकट, आणि त्याचं काम साध्या स्पेक्ट्रोफोटोमीटरवर मोजता येतं. पण आत्ताच सांगून ठेवतो, लायसोझाइम मुख्यतः ग्राम-पॉझिटिव्ह बॅक्टेरियाची भिंत तोडतं. कॅथेटरच्या इन्फेक्शनमध्ये सगळ्यात जास्त सापडणारा ई. कोलाय ग्राम-निगेटिव्ह, त्याला बाहेरून अजून एक पडदा असतो, तिथे एकट्या लायसोझाइमचं फारसं चालत नाही. शिवाय अंड्याची अॅलर्जी असणाऱ्यांना हे प्रोटीन त्रास देऊ शकतं. तेव्हा हे शिकायचं मॉडेल समजा, रिपोर्टात 'आम्ही कॅथेटर इन्फेक्शनवर उपाय शोधला' असलं काही लिहू नका.

आधी ठरवा: मॉलिक्यूलने तिथेच बसून राहायचंय की सुटायचंय

हा प्रश्न बरेच जण विचारतच नाहीत. अँटिबायोटिकला बॅक्टेरियाच्या आत जायचं असेल तर त्याला पृष्ठभागावर कायमचं बांधून उपयोग काय? त्याला हळूहळू सुटू द्यावं लागतं. उलट हेपॅरिन (रक्त गोठू न देणारं औषध) बसल्या जागी काम करू शकतं, कारण ते रक्तातल्या अँटिथ्रॉम्बिन या गोठणं रोखणाऱ्या प्रोटीनला पकडतं आणि रक्त तर त्याच्यावरून वाहतच असतं. व्हिन्सेंट गॉट आणि मंडळींनी १९६३ मध्ये ग्रॅफाइटच्या थरावर हेपॅरिन बसवून दाखवलं तेव्हापासून हा खेळ चालू आहे. पुढे लक्षात आलं की हेपॅरिनची साखळी मधेच चार ठिकाणी बांधली तर अँटिथ्रॉम्बिनला धरणारा पाच साखरांचा तुकडा अडकून पडतो, म्हणून ते फक्त एका टोकाला बांधायची पद्धत आली. तसंच आरजीडी, म्हणजे पेशींना चिकटायला जागा देणारा अमिनो अॅसिडचा छोटा तुकडा. पिअर्शबाखर आणि रुओस्लाहती यांनी १९८४ मध्ये दाखवलं की पेशींना फायब्रोनेक्टिन या मोठ्या प्रोटीनला चिकटायला त्यातली मोजकी अमिनो अॅसिड पुरतात, मग अख्खं मोठं प्रोटीन बसवण्यापेक्षा छोटा पेप्टाइड बसवणं सोपं झालं.

नुसतं टेकवणं म्हणजे अॅड्सॉर्प्शन, हे काही कमी दर्जाचं काम नाही. एलायझाच्या (अँटिबॉडीने मोजायच्या टेस्टच्या) प्लेटा, प्रेग्नन्सी टेस्टच्या पट्ट्या यांवर अँटिबॉडी बहुतेक वेळा तशीच बसवतात आणि मस्त चालतात. पण रक्त किंवा सीरम आलं की खेळ बदलतो, आधी बसलेलं प्रोटीन मागून येणारं दुसरं प्रोटीन उठवतं, याला व्रोमन इफेक्ट म्हणतात. शरीरात राहायची वस्तू असेल तर टेकवण्यावर भरवसा ठेवू नये हे माझं मत.

सिलिकॉनला हात नाहीत, म्हणून शिनाण्यांची युक्ती

सिलिकॉनवर अमाइन नाही, कार्बॉक्सिल नाही, बॉन्ड करायला काहीच नाही. ऑक्सिजन प्लाझ्मा मारला की तात्पुरते ग्रुप येतात, पण सिलिकॉनच्या आतल्या साखळ्या सरकून वर येतात आणि काही तासांत पृष्ठभाग परत पाणी झटकायला लागतो. प्लाझ्मा मशीन सगळ्यांकडे असतंच असंही नाही.

त्यापेक्षा पॉलिडोपामीन घ्या. किनाऱ्यावरच्या खडकाला शिनाण्यो (शिंपल्यातला एक प्रकार, इंग्रजीत मसल) कशा घट्ट बसलेल्या असतात ते गोंयकारांना वेगळं सांगायला नको, साफ करताना ती दाढी ओढून काढायची कटकट घरोघरी माहीत आहे. ती दाढी म्हणजे प्रोटीनचे धागे, आणि धाग्याच्या टोकाला खडकाला धरणारी चकती. आपल्याकडची हिरवी शिनाणी पर्ना विरिडिस, पण गोंदाचा जास्त अभ्यास झाला तो थंड समुद्रातल्या मायटिलस एड्युलिसचा. तिच्या चकतीतल्या एका प्रोटीनमध्ये डोपा नावाचं अमिनो अॅसिड तब्बल २८ टक्क्यांच्या आसपास असतं. हेशिन ली, फिलिप मेसरस्मिथ वगैरेंनी २००७ मध्ये डोपाचा जवळचा नातेवाईक डोपामीन घेतला, किंचित अल्कलाइन पाण्यात वस्तू बुडवून ठेवली, आणि काच, धातू, टेफ्लॉन, जे दिसेल त्यावर पातळ थर, म्हणजेच पॉलिडोपामीन, बसवून दाखवला. या थरावरचे क्विनोन ग्रुप प्रोटीनच्या अमाइनशी स्वतःहून बॉन्ड करतात, वेगळं लिंकर लागत नाही.

स्टेप १: तुकडे आणि धुणं

पहिल्यांदा करताय तर थेट कॅथेटर घेऊ नका, मेडिकल ग्रेड सिलिकॉनची शीट घ्या. कॅथेटरच घ्यायचं असेल तर नवीन, पाकीटबंद, आणि 'ऑल सिलिकॉन' लिहिलेलं. मेडिकल स्टोअरमधलं स्वस्त फोली बहुतेक वेळा लेटेक्सचं असतं, वरून फक्त सिलिकॉनचा हात. वापरलेलं कॅथेटर ओळखीच्या नर्सकडून मागून आणणं अजिबात नको, तो बायोमेडिकल कचरा आहे.

नळीतली एक खोच लक्षात ठेवा. १६ फ्रेंचची नळी म्हणजे बाहेरचा व्यास ५.३ मिलिमीटर, म्हणजे १ सेंटिमीटरच्या तुकड्याचा बाहेरचा पृष्ठभाग साधारण १.७ चौरस सेंटिमीटर. पण आतली मोठी वाट आणि बाजूची फुग्याची बारीक वाट, यांचा पृष्ठभाग वेगळा. त्या बारीक वाटेत एन्झाइमचं पाणी अडकून बसतं आणि नंतर हळूहळू बाहेर येऊन तुम्हाला खोटी अॅक्टिव्हिटी दाखवतं. म्हणून एकतर तुकडा उभा चिरून उघडा करा, नायतर प्रत्येक धुण्याला सिरिंजने दोन्ही वाटांतून पाणी मारा.

सौम्य डिटर्जंट, मग आयसोप्रोपिल अल्कोहोल, मग डिस्टिल्ड वॉटर, प्रत्येकात १०-१० मिनिटं सोनिकेटरमध्ये. सिलिकॉनमधून तेलकट छोटे रेणू बाहेर येत राहतात, ते नीट गेले नाहीत तर थर पापुद्र्यासारखा निघतो. वाळवा, आणि यानंतर फक्त चिमट्याने उचला.

स्टेप २: काळा थर

५० मिलिलिटर बफरसाठी ट्रिस साधारण ६१ मिलिग्रॅम, म्हणजे १० मिलिमोलर, हायड्रोक्लोरिक अॅसिडने पीएच ८.५ करायचा. इथे आपल्याकडच्या उकाड्याचा संबंध येतो, ट्रिसचा पीएच दर डिग्रीला जवळजवळ ०.०३ ने उतरतो. एसीतल्या रूममध्ये २५ डिग्रीला ८.५ केलेला बफर, एसी नसलेल्या रूममध्ये ३२ डिग्रीला ८.३ होतो, आणि थर जमायचा वेग बदलतो. ज्या तापमानाला कोटिंग करणार त्याच तापमानाला पीएच लावा आणि वहीत तापमान लिहा, नायतर मे आणि ऑगस्टचे रिझल्ट जुळणार नाहीत आणि दोष बिचाऱ्या डोपामीनवर जाईल.

सगळी तयारी झाल्यावर, अगदी शेवटी, १०० मिलिग्रॅम डोपामीन हायड्रोक्लोराइड टाका, म्हणजे मिलिलिटरला २ मिलिग्रॅम. आधी टाकून चहाला गेलात तर परत येईपर्यंत रिअॅक्शन तुमच्याशिवाय सुरू झालेली असेल. तुकडे चिमट्याने किंवा नायलॉनच्या दोऱ्याला टांगून उभे धरा, आडवे ठेवले की पाण्यात तयार होणारे काळे कण वर बसतात आणि तो थर नुसता गाळ असतो, बोटाने पुसला तरी जातो. बीकरचं तोंड बंद करू नका, हवेतला ऑक्सिजनच रिअॅक्शन चालवतो, धूळ नको म्हणून वर टिश्यू पेपर पुरे. सावकाश हलवत ठेवा. पाणी आधी गुलाबीसर, मग तपकिरी, मग काळं होतं. २४ तासांत थर जास्तीत जास्त ५० नॅनोमीटरच्या घरात जातो.

मग भरपूर पाण्याने धुवा, १-२ मिनिटं सोनिकेटरला द्या. सोनिकेटरच्या पाण्यात काळे पापुद्रे सुटले तर धुणं कमी पडलं होतं, स्टेप १ पासून परत. ग्लोव्ह्ज घाला, डोपामीन हे शरीरावर परिणाम करणारं औषध आहे, आणि डाग पडले ते वेगळेच. काळं पाणी सिंकमध्ये ओतू नका, केमिकल वेस्टच्या कॅनमध्ये.

थर आला का हे बघायला मोबाइल चालतो. तुकडा सपाट धरून ५ मायक्रोलिटरचा पाण्याचा थेंब टाका, बरोब्बर बाजूने फोटो घ्या. कोऱ्या सिलिकॉनवर थेंब गोल उभा राहतो, कोन ११० अंशांच्या आसपास, थर आल्यावर तो पसरतो आणि कोन बऱ्यापैकी उतरतो. एका तुकड्यावर तीन जागी बघा, एका जागी गोल आणि दुसरीकडे पसरट म्हणजे थर सारखा नाही.

स्टेप ३: लायसोझाइम

आता ट्रिस पूर्ण जायला पाहिजे. ट्रिसला स्वतःचा अमाइन आहे, तो लायसोझाइमच्या जागा अडवतो. तरी कित्येक प्रोटोकॉलमध्ये हीसुद्धा स्टेप ट्रिसमध्येच लिहिलेली दिसते, मला ते पटत नाही. २० मिलिमोलर फॉस्फेट, पीएच ८.०, त्यात मिलिलिटरला १ मिलिग्रॅम लायसोझाइम, तुकडे बुडवा, फ्रिजमध्ये ४ डिग्रीला रात्रभर, सावकाश हलवत.

लायसोझाइममध्ये १२९ अमिनो अॅसिड, त्यात मोकळा अमाइन असलेली ६ लायसीन. बॉन्ड मुख्यतः या लायसीनमधून आणि साखळीच्या सुरुवातीच्या अमाइनमधून होणार. एन्झाइमचं काम करणारी जागा ३५ नंबरचं ग्लुटामिक आणि ५२ नंबरचं अस्पार्टिक, दोन्ही कार्बॉक्सिलवाली, म्हणजे अमाइनमधून बांधलं तर तिला थेट धक्का नाही. पण रेणू कोणत्या बाजूने बसेल यावर आपला ताबा नाही, काहींचं तोंड भिंतीकडेच राहणार.

सकाळी तुकडे काढून पीएच ८ च्या इथेनोलामीनमध्ये अर्धा तास, उरलेले क्विनोन संपवायला. मग धुणं, आणि इथे घाई करायची नाही. लायसोझाइमवर पॉझिटिव्ह चार्ज, त्याचा आयसोइलेक्ट्रिक पॉइंट (ज्या पीएचला एकूण चार्ज शून्य होतो तो) ११ च्या जवळ, आणि पॉलिडोपामीनवर नेहमीच्या पीएचला निगेटिव्ह चार्ज. म्हणजे बॉन्ड न होतासुद्धा ते चार्जनेच घट्ट धरून बसतं आणि साध्या पीबीएसने (मीठ घातलेला फॉस्फेट बफर) हलत नाही. म्हणून तीन धुणी: पीबीएसमध्ये ०.०५ टक्के ट्वीन २० (सौम्य डिटर्जंट), मग १ मोलर मीठ, मग परत पीबीएस, प्रत्येक धुणं निदान दोनदा. मिठाच्या शेवटच्या पाण्यात अॅक्टिव्हिटी मोजा (कशी ते स्टेप ५ मध्ये), शून्य येईपर्यंत थांबायचं नाही.

काही तुकडे वेगळे काढून १ टक्का एसडीएसमध्ये (कडक डिटर्जंट) धुवा. एसडीएस टेकलेलं सगळं सोडवतं पण एन्झाइम मारतं, म्हणून हे तुकडे अॅक्टिव्हिटीला वापरायचे नाहीत, फक्त बॉन्डने बसलेलं प्रोटीन किती उरलं हे बघायला.

कंट्रोलशिवाय काही खरं नाही

तुलनेसाठी कमीत कमी हे चार, प्रत्येकी तीन तुकडे: कोरं सिलिकॉन, फक्त काळा थर, थर न देता थेट लायसोझाइममध्ये बुडवलेलं सिलिकॉन, आणि थरावर लायसोझाइमऐवजी बीएसए (गाईच्या रक्तातलं साधं प्रोटीन). शेवटचा कंट्रोल लोक हमखास गाळतात, आणि स्टेप ५ ला तोच वाचवतो.

स्टेप ४: किती बसलं?

सोपी वाटणारी पद्धत म्हणजे आधी आणि नंतर पाण्यातलं प्रोटीन मोजायचं आणि वजाबाकी. जरा हिशोब करून बघा. लायसोझाइमचा एकेरी थर म्हणजे १ चौरस सेंटिमीटरला साधारण ०.१ ते ०.३ मायक्रोग्रॅम. तुम्ही १ मिलिलिटरमध्ये टाकलंत १००० मायक्रोग्रॅम. आता १००० मधून ०.२ गेलं हे ब्रॅडफर्डने (रंगावरून प्रोटीन मोजायची टेस्ट) मोजणार? पिपेटची चूकच त्याच्या कित्येक पट. तरी दरवर्षी वजाबाकीने काढलेले चौरस सेंटिमीटरला ५०-५० मायक्रोग्रॅमचे आकडे प्रोजेक्ट रिपोर्टात दिसतात, म्हणजे शंभरहून जास्त थर एकावर एक रचले म्हणायचे!

मग थेट तुकड्यावर बीसीए (तांब्याच्या रंगावरून प्रोटीन मोजायची टेस्ट) करावं? पॉलिडोपामीन स्वतःच तांबं रिड्यूस करतं, म्हणून प्रोटीन नसताना पण जांभळा रंग येतो. बरं, फ्लुरोसंट टॅग लावलेलं लायसोझाइम? काळा थर फ्लुरोसन्स गिळतो. सोय झाली तर अँटिबॉडी लावून एलायझासारखं मोजा, किंवा तुकडा अॅसिडमध्ये उकळून अमिनो अॅसिड अॅनालिसिस. एक्सपीएस (एक्स-रेने पृष्ठभागावरची मूलद्रव्यं ओळखणारं मशीन) मिळालं तर उत्तम, पण तिथे नुसता नायट्रोजन दिसला म्हणून खूश होऊ नका, डोपामीनमध्येही नायट्रोजन आहे, फक्त-थर कंट्रोलशी तुलना करूनच बोला. सध्याच्या प्रोजेक्टला नेमका आकडा नाही मिळाला तरी चालेल, अॅक्टिव्हिटी नीट दाखवा.

स्टेप ५: काम चालू आहे का?

वाळवलेले मायक्रोकॉकस लायसोडेक्टिकस मिळतात. ६६ मिलिमोलर फॉस्फेट, पीएच ६.२४, त्यात मिलिलिटरला ०.१५ मिलिग्रॅम, की ४५० नॅनोमीटरला ओडी (गढूळपणाचा आकडा) ०.६ ते ०.७ येतो. पाणी दुधट दिसतं. लायसोझाइम पेशी फोडतं, पाणी निवळतं, ओडी उतरतो. २५ डिग्रीला मिनिटाला ०.००१ उतरला की एक युनिट. ही व्याख्या २.६ मिलिलिटरच्या रिअॅक्शनसाठी आहे, तुमचा व्हॉल्यूम वेगळा असेल तर युनिट छापायच्या फंदात न पडता सुट्या लायसोझाइमची स्टँडर्ड लाइन काढून तिच्याशी तुलना करा.

छोट्या ट्यूबमध्ये ३ मिलिलिटर सस्पेन्शन, त्यात तुकडा, सतत हलवत, दर ५ मिनिटांनी क्युव्हेटमध्ये घेऊन वाचायचं आणि परत ओतायचं. हलवलं नाही तर पेशी आपोआप तळाला बसतात आणि ओडी तसाच उतरतो. शिवाय पेशी काळ्या थराला चिकटतात, त्यानेही उतरतो. हे दोन्ही उतार बीएसएवाल्या तुकड्यात दिसतील, ते वजा करून जे उरेल ते तुमचं.

अॅक्टिव्हिटी सुट्या एन्झाइमपेक्षा खूप कमी येईल, घाबरू नका. पेशी साधारण एक मायक्रॉनची, एन्झाइम काही नॅनोमीटरचं आणि वर भिंतीला बांधलेलं, पेशी स्वतः येऊन आदळल्याशिवाय कामच होत नाही. मधे पीईजीचा (पॉलिइथिलीन ग्लायकॉल) लांब दोर दिला तर बऱ्याच वेळा फरक पडतो.

आता माझी आवडती टेस्ट, फुकटात होते. १५ मिनिटं झाली की अर्धं सस्पेन्शन दुसऱ्या ट्यूबमध्ये काढा, तुकड्याशिवाय, आणि दोन्ही वाचत राहा. तुकडा असलेल्या ट्यूबमध्ये ओडी उतरत राहिला आणि दुसरीत जवळपास थांबला, तर एन्झाइम तुकड्यावर आहे. दोन्हीत सारखाच उतरत राहिला तर ते सुटून पाण्यात आलंय, आणि तुम्ही सुट्या एन्झाइमचं काम बॉन्डच्या नावावर खपवत आहात. हाच प्रयोग ३७ डिग्रीला पीबीएसमध्ये १, ३, ७ दिवस ठेवलेल्या तुकड्यांवर करा. कृत्रिम लघवीत ठेवून केलात तर अजून चांगलं. सात दिवसांच्या बाटल्यांत सोडियम अॅझाइड टाकलं असेल तर बॅक्टेरियाच्या टेस्टआधी ते पूर्ण धुवा, नायतर बॅक्टेरिया अॅझाइडने मरतील आणि श्रेय लायसोझाइमला जाईल.

काच किंवा टायटॅनियम असेल तर, आणि पावसाळा

तिथे बरेच जण सायलेन (काच-धातूला धरणारं केमिकल) आणि ईडीसी-एनएचएसच्या (कार्बॉक्सिल आणि अमाइन जोडणारी जोडी) रस्त्याने जातात. रस्ता चांगला, पण जून ते सप्टेंबर आपल्याकडे हवेतली आर्द्रता सहज ८५-९० टक्के, आणि या दोन्ही केमिकलचं पाण्याशी वाकडं. एपीटीईएस या नेहमीच्या सायलेनची बाटली पावसात उघडी राहिली की ते आपापसात जुळतं आणि काचेवर धुरकट, ढेकळांचा थर येतो. छोट्या बाटल्यांत वाटून ठेवा, कोरडं टोल्यूइन वापरा, फ्यूम हूडमध्ये काम करा, शेवटी ११० डिग्रीला अर्धा तास भाजा.

ईडीसी उणे २० ला ठेवतात. थंड बाटली फ्रीजरमधून काढून लगेच उघडली की आतल्या पावडरीवर दव धरतं, दोन-तीनदा असं झालं की बाटली फुकट. डेसिकेटरमध्ये पाऊण तास ठेवून रूमच्या तापमानाला आली की मगच झाकण. डेसिकेटरमधली निळी सिलिका गुलाबी झाली असेल तर आधी ती ओव्हनमध्ये वाळवा. आणि लाइट गेली की फ्रीजरचं काय होतं याचा बंदोबस्त आधीच करा, पावसाळ्यात ती जाणारच.

एपीटीईएसने पृष्ठभागावर अमाइन येतो, त्याचं आधी कार्बॉक्सिल करून घ्या. मग ईडीसी-एनएचएस त्या कार्बॉक्सिलला द्या, एमईएस बफर, पीएच ५ ते ६, १५ मिनिटं, झटकन धुवा, आणि मग पीएच ७.५ च्या फॉस्फेटमधलं प्रोटीन. ईडीसी आणि प्रोटीन एकत्रच टाकायचा मोह होतो, पण मग ईडीसी प्रोटीनच्या कार्बॉक्सिललाही लागतं, प्रोटीन प्रोटीनला जुळतं, आणि लायसोझाइमच्या बाबतीत तर काम करणारी जागाच कार्बॉक्सिलची. धुतल्यावर वेळ घालवू नका, एनएचएस एस्टरचं अर्धं आयुष्य पीएच ७ ला ० डिग्रीवर ४-५ तास, पण पीएच ८.६ ला ४ डिग्रीवर फक्त १० मिनिटं.

स्टेप ६: स्टरलाइझ, आणि पुढचं

ऑटोक्लेव्ह १२१ डिग्रीला, त्यात एन्झाइमची आशा सोडा. इथिलीन ऑक्साइड अमाइनशी रिअॅक्शन करतो. गॅमाचा नेहमीचा डोस २५ किलोग्रे, त्यात प्रोटीन बऱ्यापैकी मार खातं. प्रोजेक्टपुरतं असं करा: सिलिकॉन आधी ऑटोक्लेव्ह करा, ते सहन करतं, सगळे बफर आणि लायसोझाइम ०.२२ मायक्रॉनच्या फिल्टरने गाळा, आणि धुण्यापर्यंतचं काम लॅमिनारमध्ये. कंपनीला विकायची वस्तू असेल तर स्टरलायझेशन कसं करणार हे मॉलिक्यूल निवडायच्या आधी ठरवायचं असतं, नंतर नाही. गोव्यातल्या वेर्णाच्या एखाद्या कंपनीत इंटर्नशिपला गेलात तर हाच प्रश्न पहिला येईल.

शरीराशी संबंध येणाऱ्या कोटिंगला आयएसओ १०९९३ च्या टेस्ट, म्हणजे पेशींना विषारी आहे का, रक्ताशी संबंध असेल तर रक्त फुटतं का वगैरे, आणि भारतात मेडिकल डिव्हाइसेस रूल्स २०१७. मूळ कॅथेटरला मंजुरी आहे म्हणून तुमच्या कोटिंग केलेल्या कॅथेटरलाही ती लागू, असं होत नाही. माणसावर काहीही करायचं तर एथिक्स कमिटीशिवाय नाही, मित्र तयार आहे म्हणून तर मुळीच नाही.

तयार तुकडे लगेच वापरायचे नसतील तर पीबीएसमध्ये ४ डिग्रीला ठेवा, उघड्यावर वाळवू नका. वाळवायचेच असतील तर ५ टक्के ट्रेहॅलोजमध्ये बुडवून फ्रीझ ड्राय करा, पाकिटात सिलिकाची पुडी टाकून सील करा, आणि पाकिटावर बॅच, तारीख आणि त्या दिवशीचं रूमचं तापमान लिहा.